बोलेल त्याला वाघ

"राजमती कुठं हाय?" आईनं दुसऱ्यांदा विचारलं, आणि आम्ही तिघांपैकी कुणीच तोंड उघडलं नाही. थोरली अक्का पाटासमोर मांडी घालून बसली होती, तिच्या मुठीत कवड्या होत्या. धाकट्या बापूनं हसू येऊ नये म्हणून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मी अक्काकडं बघत होते. आई कडब्याच्या गंजीपलीकडं होती, तिथून तिला आम्ही दिसत होतो पण घरामागचं परडं दिसत नव्हतं. "आत्ता घंटी वाजली, आत्ता कोणतरी वरडलं, आणि आता कुठं गेली ती? बोला की रं! दातखीळ बसली काय?" तरी आम्ही गप्प. कारण खेळाचा नियम तसा होता. आवाज थांबला की जो पहिल्यांदा बोलेल त्याला वाघानं नेलं. आणि त्या दिवशी आवाज असा थांबला होता की तसा आधी कधी थांबला नव्हता. आम्हाला वाटलं, राजमतीकाकीनं आज कमाल केली.

काकी त्या वेळी परड्यातल्या पेवात पडली होती, आणि तिचा श्वास बंद होत चालला होता.

पेव आता कुणाला माहीत नाही. जोंधळा साठवायला जमिनीत खणलेला रांजणच म्हणा. वर तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. हातकणंगल्याच्या बाजूला आमचं गाव, तिथली माती पेवाला चांगली. तोंडावर दगडी फरशी ठेवायची, कडेनं माती लिंपायची, की जोंधळ्याला वरीसभर कीड नाही. पण बंद पेवातली हवा मरते. म्हणून पेव उघडलं की आधी दिवसभर उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरवायचा, विझला तर नाही. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आमच्याही पेवात आदल्या दिवशी कंदील सोडला होता, तो जळला होता, गडी उतरले होते आणि अर्धा जोंधळा वर काढला होता. संध्याकाळी आभाळ आलं म्हणून फरशी परत सरकवली. रातभर आणि पुढचा दिवसभर ती तशीच राहिली. काकीला वाटलं, काल गडी उतरले तर आज मला काय होतंय.

आता खेळाचं सांगते, नाहीतर ती पेवात कशाला उतरली हे कळायचं नाही.

आम्ही जैन, त्यामुळं रात्रीचं जेवण दिवस बुडायच्या आत. शेजारच्या घरांत चुली पेटायच्या तेव्हा आमची भांडी घासून पालथी पडलेली असायची. भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कधी दही. एवढं खाऊन हात धुतले की आजी शेजारच्या बायका घेऊन बस्तीत आरतीला जायची. बस्ती म्हणजे आमचं देऊळ. वडील आणि भूपालकाका शेतावर जेवण घेऊन गेलेले, ते अंधार पडता पडता यायचे. म्हणजे जेवण झाल्यापासून दिवा लागेपर्यंत घरात मोठं असं कुणी नसायचं. आई असायची, पण आईला आमच्याकडं बघायला सवड नसायची. तेवढ्या वेळात आम्ही वाटेचा खेळ खेळायचो.

पाट मधे ठेवायचा. पाटावर खडूनं वाट काढायची, ओढा, डोंगर, धर्मशाळा. चिंचोके म्हणजे आम्ही. अक्का सांगायची, "तुम्ही घाटानं चाललाय. पुढं दोन वाटा फुटल्यात. एकीवर बैलाचं शेण पडलंय, ताजं हाय. दुसरीवर काय न्हाय. कुठल्या वाटंनं जाताय?" मी म्हणायची शेणाच्या वाटेनं, कारण शेण आहे तिथं माणूस आहे. बापू म्हणायचा दुसरीनं, कारण त्याला माझ्या उलट बोलायचं असायचं. मग अक्का कवड्या टाकायला लावायची आणि कवड्या उताण्या पडल्या का पालथ्या, त्यावर आमचं नशीब ठरायचं. हा खेळ आम्हाला कुणी शिकवला नव्हता. भुताच्या गोष्टी ऐकून कंटाळा आला तेव्हा गोष्टीत शिरायचं आपसूक सुचलं.

काकी आली आणि खेळ वेगळाच झाला. राजमतीकाकी, भूपालकाकांची बायको, लग्न होऊन वरीसही झालं नव्हतं. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं घाबरली की कानडीत बोलायची. अंगानं किरकोळ, आणि अक्कापेक्षा फार मोठीही नव्हती. सासू बस्तीत गेली की ती हळूच मागच्या सोप्यात यायची. पहिल्या दिवशी नुसती बघत बसली. दुसऱ्या दिवशी अक्का सांगत होती की नदीला पाणी चढलंय, तेवढ्यात दाराआड पाण्याचा आवाज आला. आमचे चेहरे बघण्यासारखे झाले असतील. काकी दाराआड सुपात जोंधळा घेऊन हळूहळू फिरवत होती.

"अय्या, भ्याला काय?" म्हणाली. "आणिक भिववू काय?"

तेव्हापासून आवाज काकीचे. ती कायम दाराआड बसायची. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातली की घुबड. चटईवर दोन्ही मुठी आपटल्या की घोडे. सुकलेला कडबा चुरगाळला की झाडीतून कुणीतरी चाललंय. बैलाची जुनी घंटी तिनं गोठ्यातून काढून ठेवली होती, ती लांबून जवळ येतेय असं वाजवायची तिला युक्ती जमली होती. घंटी पदरात गुंडाळायची आणि एकेक घडी सोडायची. पण तिची खरी करामत आवाजात नव्हती. ती बरोबर जागेवर थांबायची. सूप चाललंय, चाललंय, आपल्याला त्याचं भानही राहिलेलं नाही, आणि एकदम बंद. तेव्हा कळायचं की इतका वेळ आवाज होता. "बोलेल त्याला वाघ" हा नियम अक्कानं त्यानंतर केला. काकी थांबली की सगळ्यांनी थांबायचं, आणि काकीनं परत काहीतरी वाजवलं की सुटका.

आता माझी नात सई कोल्हापुरात आमच्या फ्लॅटमध्ये तिच्या मैत्रिणींबरोबर असाच खेळ खेळते. जेवायच्या टेबलावर नकाशा पसरतात, खूप कोनांचे रंगीत फासे टाकतात, एकजण सांगते आणि बाकीच्या आपण काय करतो ते बोलतात. खेळाला इंग्रजी नाव आहे, मला ते लक्षात राहत नाही. एका पोरीकडं आवाजाचं काम. फोनमधून पाऊस लावते, लोहाराचा घण लावते, गर्दीचा गलका लावते. ती मला म्हणाली, "आजी, सगळ्यात भारी इफेक्ट माहितीय का? एकदम म्यूट करायचं." मी म्हटलं, मला सांगू नको बाई.

त्या दिवशीचं अक्का आणि काकीचं आधी ठरलं होतं. आदल्या दिवशी गडी पेवातून बोलत होता तेव्हा त्याचा आवाज जमिनीखालून आल्यासारखा यायचा, एवढा मोठा, की बापू पळून गेला होता. काकीनं ते ऐकून ठेवलं. आमची वाट त्या दिवशी भुयारापाशी यायची होती आणि भुयारातून आवाज यायला पाहिजे होता. दोघींनी फरशी सरकवली. आत अजून निम्मा जोंधळा होता, त्यावर उभं राहिलं तर वर केलेले हात तोंडाच्या काठाला पुरत होते. काकी काठाला धरून आत सुटली. नंतर अक्का हात देऊन तिला वर घेणार होती. काकी म्हणाली, "मी घंटी वाजवतो, मग हाक मारतो. मग गप बसतो. मग परत हाक मारतो तवा तू बोल." आमच्याकडं बायकाही 'मी वाजवतो' असंच बोलतात.

घंटी वाजली. हाक आली, "कोण हाय रंऽऽ", आणि ती जमिनीतून पायांत शिरली. मग सगळं गप्प झालं. सोप्याच्या खांबावर पाल होती, ती चुकचुकली तेवढंच. मी अक्काकडं बघितलं. अक्का खूश होती. मग हळूहळू तिची खुशी उतरत गेली, पण तीही बोलली नाही, कारण सांगणारीनं नियम मोडला तर खेळ बुडतो.

तेव्हा आईनं विचारलं. आई त्या दिवशी बाहेर बसली होती, म्हणजे तिची अडचण होती. चार दिवस तिनं कुणाला शिवायचं नाही, घरात यायचं नाही, गंजीपलीकडं पोत्यावर बसून राहायचं. म्हणून ती उठून आली नाही, नुसती विचारत राहिली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. मी म्हटलं, "पेवात."

बापू टाळ्या पिटून ओरडला, "इंदीला वाघ! इंदीला वाघ!"

आई गंजीला वळसा घालून कशी आली ते मला दिसलं नाही. मी पेवाशी पोचले तेव्हा ती तिथं पालथी पडून आत बघत होती. "राजमतीऽ! अगं राजमती!" आतून काही नाही. आत वाकलं की कुबट, आंबूस वास येत होता आणि जोंधळ्यावर काकीचं हिरवं लुगडं दिसत होतं. घंटी तिच्या हातातून सुटून बाजूला पडली होती.

त्याच वेळेला भूपालकाका बैलं घेऊन परड्यात शिरला. वडील अजून मागं होते. "काय झालं वैनी?" म्हणाला, आत बघितलं, आणि बैलं तिथंच सोडून पेवाच्या काठावर बसून दोन्ही पाय आत सोडले. आईनं त्याचा पाय धरला. चार दिवस कुणाला शिवायचं नाही अशी बाई, तिनं दिराचा पाय दोन्ही हातांनी कवटाळला आणि मागं बसकण मारली.

"सोडा वैनी! मरंल ती!"

"भावजी, उतरू नगा."

"अवो सोडा म्हणतो न्हवं!"

"तू पडलास तर तुला वर कोण वढणार?" आई त्याला आयुष्यात पहिल्यांदा 'तू' म्हणाली. "मी? का ही पोरं? एकीचं मढं पुरं झालं न्हाय काय तुला?"

आईच्या माहेरच्या गावात एक बाप आणि त्याच्यामागं त्याचा लेक असे दोघं एकाच पेवात गेले होते. बापाला काढायला लेक उतरला, एवढंच. तिनं ते लहानपणी बघितलं होतं. काकानं तिला ढकललं, शिवी दिली. तिनं पाय सोडला नाही. "घोंगडं आण," ती अक्कावर ओरडली. "कंदील आण. नाडा आण, कासरा आण. बापू, पळ, वरच्या गल्लीत सांग पेवात माणूस पडलंय." मग काकाला म्हणाली, "घोंगडं आत सोड आणि हालीव. वर खाली. हवा बदलंल. ते कर, उडी काय मारतोस?"

काकानं घोंगडं सोडलं आणि पंख्यासारखं वर खाली हापसायला लागला. रडतही होता. अक्कानं कंदील बांधून सोडला. काकीच्या लुगड्यापर्यंत पोचायच्या आत विझला. परत घोंगडं. परत पेटवून सोडला. या वेळी ज्योत निळी पडली, बारीक झाली, पण राहिली. हे सगळं लिहायला वेळ लागतो, घडायला एवढा लागला नाही. काका कमरेला नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, बांधायला लागला तशी आईनं नाडा हिसकला आणि माझ्याकडं बघितलं. काकाला वर ओढायला काकाच लागला असता, दुसरं कुणी नव्हतं. बापू पळालेला. अक्का अंगानं भरलेली. उरले मी, काटकी.

मला विचारलं नाही. काखेखालून नाडा गेला, गाठ बसली. आईनं बैलाच्या गळ्यातली घंटी सुरीनं कापून काढली आणि माझ्या घोट्याला बांधली. "तोंड मिटून जायचं," ती म्हणाली. "श्वास धरायचा. ह्यो कासऱ्याचा फास काकीच्या दोनी हातांवरनं बगलंत सरकवायचा. आणि पाय हालवत ऱ्हायचं. घंटी वाजतीया तवर तू हायस. थांबली की मी वढणार, काम झालेलं असू दे न्हायतर नसू दे. कळलं?"

"व्हय."

"मग जा."

आई मला कधी पोटाशी घेणारी बाई नव्हती. तेव्हाही घेतलं नाही. तिनं मला काखेत धरून आत सोडलं.

आत अंधार फार नव्हता, वरून उजेड येत होता. जोंधळा पायाखाली सरकतो हे मला माहीत नव्हतं. पाय टेकला तो घोट्याच्या वर रुतला. काकी कुशीवर पडली होती, तोंड उघडं, ओठांना जोंधळे चिकटलेले. तिचा एक हात उचलून फासात घातला. मेलेल्या मेंढरासारखा जड होता. दुसरा हात तिच्या अंगाखाली. मी तो ओढायला लागले तेवढ्यात माझा नाडा ताणला गेला. काखेत कचकन बसला आणि मी वर उचलली जायला लागले. मला कळेना, पाय तर मी हलवत होते. मग कळलं. घंटी जोंधळ्यात रुतली होती. मी पाय हलवत होते आणि घंटी मुकी झाली होती. वर त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

ओरडले असते तर श्वास गेला असता. मी जोंधळ्यातून पाय उपसला आणि हवेत झाडला. घंटी वाजली. वेड लागल्यासारखी झाडत राहिले. नाडा सैल पडला, मी परत खाली आले, गुडघ्यावर पडले. पाय मागं वर धरून झाडायचा आणि हातांनी काकीचा दुसरा हात काढायचा, असं चाललं होतं. तेव्हा श्वास सुटला. आत ओढला तो हवेसारखा नव्हताच. छातीत गेला आणि काही झालं नाही, जसा काही घेतलाच नाही. कानात सूप पाखडल्याचा आवाज सुरू झाला, काकीच्या नदीसारखा. फास दुसऱ्या हातावरून सरकला एवढं आठवतं. पाय कधी थांबला ते आठवत नाही.

मला आधी काढली. परड्यात पालथी टाकली होती, नाकात शेणाचा वास, आणि मला तो वास फार आवडला. मग काकीला. ती नुसतं ओझं. आई आणि काका दोघं कासऱ्याला लटकले, तिचं डोकं काठाच्या दगडावर आपटलं, कपाळ फुटलं. त्याची खूण तिला शेवटपर्यंत होती. उताणी ठेवली. छाती हालत नव्हती. काका तिच्या डोक्याशी बसून कानडीत हाक मारत होता, जणू कानडीत म्हटलं तर ऐकेल. आई तिच्या गालांवर मारत होती, कुशीवर करून पाठीत मारत होती, तोंडातले जोंधळे बोटानं काढत होती. आणि मग सगळे थांबलो. कुणी ठरवलं नव्हतं. बैलही उभे होते. त्या शांततेत कुणाला वाघ नव्हता की काही नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं. काकीच्या गळ्यातून फुटक्या भात्यासारखा आवाज आला. बराच वेळ काही नाही. परत आला.

तेवढ्यात बापूच्या मागून वरच्या गल्लीतली माणसं आली, वडील आले आणि बस्तीतून आजीही आली. आजीनं परड्यात बघितलं. सून बाहेर बसलेली, ती धाकट्या सुनेला मांडीवर घेऊन. तिचा हात दिराच्या हातात. मी तिच्या पायाशी. आजी म्हणाली, "सगळ्यास्नी शिवलीस?"

"व्हय," आई म्हणाली. "तुम्ही आंघोळी करा. हिच्यावर पाणी वतू देणार न्हाय मी."

काकीनं डोळे अर्धे उघडले आणि म्हणाली, "नीरू." पाणी. दिवस बुडाला होता. दिवस बुडाल्यावर काकीच्या तोंडात पाण्याचा थेंबही जात नसे, तो नेम तिला आजीनंच लावला होता. आजी आत गेली आणि तांब्या घेऊन आली. आईच्या शेजारी बसली, आईला लागून, आणि आपल्या हातानं काकीला पाजलं. मग उठली आणि आंघोळीला गेली.

खेळ त्यानंतर झाला नाही. कुणी बंद करा म्हटलं नाही. अक्कानं पाट उचलून देवघरात ठेवला, तो पूजेला लागला. काकी पुढं चार पोरांची आई झाली. तिच्या घरात कायम काहीतरी वाजत असायचं, रेडिओ, मग टीव्ही, कुणी बघत नसलं तरी. बंद करायला गेलं की म्हणायची, "ऱ्हाऊ दे की."

सईला मी खेळ खेळू नको असं म्हणत नाही. मला आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकायला आवडतं. मधे एकदा त्यांचा पाऊस एकदम थांबला आणि टेबलावर सगळ्या पोरी गप्प झाल्या. मी आतून ओरडले, "कोण कुठं हाय, बोला!" त्या दचकल्या, मग हसून लोळल्या. आवाज लावणारी पोर गॅलरीत जाऊन बसली होती, दिसू नये म्हणून. मी उठून तिला टेबलापाशी आणून बसवलं. आवाज करणारं माणूस डोळ्यासमोर पाहिजे, एवढा एक नियम मी त्यांच्या खेळात घातला. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. म्हातारीचं ऐकायचं म्हणून ऐकलं.

त्या पेवात आम्ही दोघी उतरलो होतो, काकी आणि मी. दोघी जगलो. भूपालकाका उतरला नाही, आईनं त्याचा पाय सोडला नाही म्हणून. तोही जगला.